निवड झाली, आता पुढे काय?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण, थोडी काटछाट करून)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माझी वाटचाल’. वाटचाल सांगायला मला उभं केलं तर दहा मिनिटांत संपेल आणि तुम्हाला जांभया येतील. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. गेल्या तीन-चार वर्षांत मला आपल्या शहरातून, आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींचे फोन येतात. त्यांत तुमच्यापैकी काहींची मुलंही आहेत. प्रश्न एकच असतो: ‘ताई, परदेशातल्या प्रोग्रॅमिंगच्या संमेलनाला माझी निवड झाली. आता पुढे काय करायचं?’ त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आज एकदाच देते. स्मरणिकेत छापून येणार आहे, म्हणजे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही.

सर आणि बाईंसाठी आधी थोडं सांगते, की हे संमेलन म्हणजे काय. आम्ही जे मुक्त सॉफ्टवेअर लिहितो, ते एका कंपनीत, एका छताखाली लिहिलं जात नाही. एक जण ब्राझीलमध्ये, एक जण जर्मनीत, एक सिडकोत. वर्षानुवर्षं ईमेलवर वाद घालतो, एकमेकांच्या चुका काढतो, पण तोंड पाहिलेलं नसतं. वर्षातून एकदा सगळे एका गावात जमतात. दिवसा भाषणं, संध्याकाळी गप्पा, आणि मधल्या वेळात लॅपटॉप मांडीवर घेऊन प्रत्यक्ष काम. डेबियन नावाची एक संगणक प्रणाली आहे. १९९३ साली सुरू झाली. तिचं संमेलन, डेबकॉन्फ, २००० पासून भरतं. २०२३ च्या सप्टेंबरात ते आपल्याकडे कोचीला झालं, २०२४ ला दक्षिण कोरियात बुसानला आणि २०२५ च्या जुलैत फ्रान्समधल्या ब्रेस्टला. पायथन भाषेवाल्यांचं युरोपायथन २०२४ आणि २०२५ अशी दोन वर्षं प्राग शहरात भरलं. ब्रुसेल्सला हिवाळ्यात फॉसडेम असतं, तिथे तर नावनोंदणीही नसते, शुल्कही नसतं. सरळ जाऊन बसायचं. थोडक्यात, आपल्या साहित्य संमेलनासारखंच. फक्त भांडणं स्वल्पविरामावरून जास्त होतात.

पहिला सल्ला: परदेशाआधी देश. पायकॉन इंडिया २००९ पासून भरतं, २०११ ला ते पुण्यात झालं होतं. रुबीवाल्यांचं भारतीय संमेलन पुण्यात आणि गोव्यातही झालेलं आहे. आधी अशा ठिकाणी जा, एखादं छोटं भाषण करा. परदेशातल्या संयोजकांना अर्ज करताना ‘मी इथे बोललो होतो’ हे एक वाक्य फार उपयोगी पडतं, आणि पुढे व्हिसाच्या फायलीतही ते कामाला येतं.

आता पैशाचं. आपल्याकडे पहिला समज असा की हे श्रीमंतांचं काम. तसं नाही. डेबकॉन्फ, युरोपायथन अशी बरीच संमेलनं प्रवासासाठी, राहण्यासाठी आर्थिक मदत देतात. त्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि त्याची मुदत संमेलनाच्या कितीतरी महिने आधी संपते. म्हणून कार्यक्रम जाहीर झाला की पहिली तारीख मदतीच्या अर्जाची लिहून ठेवायची. अर्जात गरिबीचं रडगाणं गाऊ नये. आपण काय काम केलं, त्याचे दुवे, तिथे गेल्यावर काय करणार, आणि नेमका किती खर्च येणार, तेवढं सरळ लिहावं.

पण यात एक मेख आहे. ही मदत बऱ्याचदा प्रवास झाल्यावर, बिलं दाखवल्यावर मिळते. म्हणजे तिकिटाचे पैसे आधी आपणच भरायचे. उन्हाळ्याच्या हंगामात मुंबईहून युरोपचं जाण्या-येण्याचं तिकीट सहज साठ-सत्तर हजारांच्या घरात जातं. ज्या घरात एवढी रक्कम हातात नसते, तिथे निवड होऊनही पोरगं घरीच राहतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी मी त्याकडे परत येणार आहे.

आता पासपोर्ट. इथे आपल्या शाळेच्या ऑफिसचा थेट संबंध येतो, म्हणून क्लार्क काका आले असतील तर त्यांनीही ऐकावं. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर दोनच रकाने असतात: एक आडनावाचा, एक दिलेल्या नावाचा. समजा, गुणपत्रिकेवर ‘पाटील सुनीता रामराव’ आहे, आधारवर ‘सुनीता रामराव पाटील’ आहे, आणि बँकेत नुसतं ‘सुनीता पाटील’. त्यात एका ठिकाणी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘आय’ आणि दुसरीकडे दोन ‘ई’. शाळेच्या रजिस्टरमध्ये पहिलीच्या वर्षी जे स्पेलिंग पडलं, ते माणसाबरोबर विमानतळापर्यंत जातं. सगळी कागदपत्रं एकदा टेबलावर मांडून अक्षर न अक्षर जुळवून पाहावं, आणि दुरुस्त्या पासपोर्टचा अर्ज करण्याआधी करून घ्याव्यात. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी तर जास्तच. पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला फायलीत हवाच.

आमच्या क्षेत्रात आणखी एक गंमत आहे. तिथे लोक टोपणनावानं ओळखले जातात. संयोजक तुम्हाला दहा वर्षं त्याच टोपणनावानं ओळखत असतील, पण निमंत्रणाचं पत्र मात्र पासपोर्टवरच्या नावानंच मागून घ्यायचं. विमानाचं तिकीट, विमा, हॉटेल, सगळीकडे तेच नाव.

पासपोर्टसाठी आता मुंबईला जावं लागत नाही, आपल्या शहरात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानांच्या पासपोर्टला साधं शुल्क १५०० रुपये, तत्काळला आणखी २०००. पोलीस पडताळणीला घरी कोणीतरी हजर असावं आणि पत्ता आजचा असावा. भाड्याची खोली बदलली असेल तर ती आधी दुरुस्त करा. दहावी पास असल्याचा कागद जोडला की पासपोर्टवर ‘एमिग्रेशन तपासणी आवश्यक’ असा शिक्का येत नाही. बघा, आपल्याला तेव्हा वाटायचं दहावीची सनद नुसती कपाटात ठेवायला असते!

माझा सल्ला आहे की पासपोर्ट निवड होण्याची वाट न पाहता काढून ठेवावा. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या प्रत्येक मुलाकडे तो असावा. अठरा वर्षांनंतर काढलेला दहा वर्षं चालतो.

आता सगळ्यात अवघड भाग, व्हिसा. मी शेंगेन व्हिसाचं सांगते, कारण एका व्हिसावर युरोपातले २९ देश येतात आणि आमची बरीच संमेलनं तिथेच असतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्या काळात पासपोर्ट त्यांच्याकडे असतो. आणि उन्हाळ्यात अर्ज देण्यासाठी वेळच मिळत नाही, कारण सगळा देश तेव्हाच फिरायला निघालेला असतो. म्हणून जुलैचं संमेलन असेल तर मार्चमध्ये वेळ शोधायला लागा. शुल्क मोठ्यांना ९० युरो आहे, व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीनंतर किमान तीन महिने वैध, आणि दोन पानं कोरी हवीत.

फाईल कशी लावायची? माझ्या डोळ्यांसमोर आपले भूगोलाचे सर येतात. ते म्हणायचे, नकाशा असा काढा की तुम्ही नसतानाही कळला पाहिजे. व्हिसाची फाईल तशीच. ती वाचणाऱ्या माणसाला तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: हा का येतोय, पैसे कोण देणार, आणि हा परत का जाईल. पहिल्यासाठी संयोजकांचं निमंत्रण, भाषण असेल तर कार्यक्रमपत्रिकेचं पान, आणि एक पानाचं स्वतःचं पत्र. दुसऱ्यासाठी मदत मंजूर झाल्याचं पत्र आणि बँकेचे उतारे. तिसऱ्यासाठी कॉलेजचं बोनाफाईड किंवा नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, परतीचं तिकीट, घरच्या जबाबदाऱ्या.

इथे एक प्रसंग सांगते. नाव सांगणार नाही. आपल्याच शाळेची मुलगी, आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. गाव गंगापूर तालुक्यातलं, वडिलांची चार एकर शेती, घरात कॉलेजला जाणारी ती पहिली. युरोपातल्या एका संमेलनात तिचं भाषण स्वीकारलं गेलं. घरच्यांनी ओळखीतल्या एका एजंटाला गाठलं. एजंट म्हणाला, खात्यात पैसे कमी दिसतात, चार दिवस कुणाचे तरी तीन लाख फिरवून आणा. मामांनी, आत्यांनी गोळा करून टाकले. आठ दिवसांनी अर्ज गेला आणि नाकारला गेला. नकाराच्या छापील कागदावर कारणांपुढे खुणा असतात. परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका, या कारणापुढे खूण होती. वडील मला फोनवर म्हणाले, ‘ताई, आमची पोरगी पळून जाईल असं वाटलं का त्यांना?’ त्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

खरं तर त्या घराकडे दाखवण्यासारखं पुष्कळ होतं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नव्हतं. पण सातबारा होता, साखर कारखान्याची उसाची बिलं होती, ती त्याच खात्यात जमा होत होती. हे काहीच फायलीत नव्हतं. होते ते फक्त तीन लाख, जे कुठून आले ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या संमेलनासाठी आम्ही दोघींनी बसून फाईल लावली. आधी मदतीचं पत्र मिळवलं, म्हणजे खर्चाचा मोठा भाग संयोजकच देणार हे कागदावर आलं. सहा महिन्यांचे बँकेचे खरे उतारे, जेवढे होते तेवढेच. सातबारा आणि उसाची बिलं, इंग्रजी भाषांतरासह. कॉलेजचं पत्र, पुढच्या सत्राच्या परीक्षेच्या तारखा. वडिलांनी मराठीत स्वतः लिहिलेलं एक पत्र, सोबत भाषांतर. आधीच्या नकाराचा उल्लेखही स्पष्ट केला. तो लपवायचा नसतो, त्यांच्याकडे नोंद असतेच. सतरा दिवसांत व्हिसा आला. मी असं म्हणत नाही की खऱ्या फायलीला नेहमी होकारच येतो. पण खरी फाईल पुन्हा देता येते. खोटी उघडी पडली तर पुढची कित्येक वर्षं दार बंद होतं.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणजे इथून मुंबई किंवा पुणे. मुंबईची सकाळी नऊची वेळ असेल तर रात्रीच्या देवगिरीनं जाऊन थेट रांगेत उभं राहण्याचा विचार करू नका. गाडी दोन तास लेट झाली की सगळं मुसळ केरात. आदल्या दिवशी वंदे भारतनं किंवा समृद्धी महामार्गानं पोहोचा आणि रात्री मुक्काम करा. एकदा दिलेले ठसे पुढच्या अर्जांना साधारण पाच वर्षं चालतात.

विमानाचंही तसंच. चिकलठाण्याहून मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर घेतलं आणि ते उशिरा निघालं, तर पुढच्या विमानाची जबाबदारी कोणी घेत नाही. एकाच तिकिटावर सगळा प्रवास घ्या, नाहीतर मध्ये रात्रभराची फुरसत ठेवा. तिकडे उतरल्यावरही लगेच गाडीचं आरक्षण नको. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर फोटो आणि ठसे नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगा लांबतात. ब्रेस्टला जायचं तर पॅरिसच्या विमानतळावरून शहर ओलांडून मोंपारनास स्टेशन गाठावं लागतं आणि तिथून पुढे जवळपास चार तासांची रेल्वे. आणि ते संमेलन सुरू झालं १४ जुलैला, म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस, दुकानं बंद! जिथे जातोय तिथल्या सुट्ट्या कॅलेंडरवर पाहून घ्याव्यात आणि शक्यतो एक दिवस आधी पोहोचावं.

बॅगेत काय? आईचा प्रश्न: पेढे देऊ का? नको. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, तूप बाद. केशर आंबेही नाहीत. शेंगदाण्याची चटणी, पोह्यांचा चिवडा चालतो, आणि तिथल्या चौथ्या दिवशी त्याची किंमत कळते. नोंदणीच्या अर्जात शाकाहारी असल्याचं लिहायला लाजू नका, संयोजक त्यासाठीच विचारतात. भेट न्यायची तर हिमरूचा छोटा रुमाल न्या. वजन नाही, तुटत नाही आणि आपल्या गावाची गोष्ट सांगायला निमित्त मिळतं.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सामानात टाकायची नाही. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. आपली नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते. विजेचा दाब तिकडे आपल्यासारखाच २३० व्होल्ट, पण भोकं वेगळी, म्हणून अडॅप्टर इथूनच घ्या. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. लॅपटॉपवरच्या सगळ्या कामाची एक प्रत घरी ठेवून निघा आणि डिस्कला पासवर्डचं कुलूप लावा.

पैशासाठी फॉरेक्स कार्ड आणि थोडे युरो रोख. आपलं नेहमीचं कार्ड परदेशात आपोआप चालत नाही, बँकेच्या ॲपमधून ते सुरू करावं लागतं. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम फोनमध्ये जिवंत ठेवा. प्रत्येक बिल, प्रत्येक बोर्डिंग पास जपून ठेवा, कारण मदतीचे पैसे त्यावरच परत मिळतात.

पोहोचल्यावर? आपली मुलं तिथे भिंतीला चिकटून उभी राहतात. कारण इंग्रजी. अहो, तिथे फ्रेंच माणसाचं इंग्रजी फ्रेंचसारखं, जपान्याचं जपानीसारखं. आपलं मराठवाडी वळणाचं असलं तर बिघडलं काय? भाषणं नंतर व्हिडिओवर पाहता येतात. चहाच्या टेबलावरचा माणूस नंतर मिळत नाही. रोज तीन अनोळखी माणसांशी बोलायचं, एवढा नेम करा.

ती गंगापूरची मुलगी तिथे ज्या माणसाशेजारी जेवायला बसली, त्याच्या प्रकल्पावर ती आज काम करते, गावी राहून. वडिलांचा फोन अजून येतो. आता ते विचारतात, ‘ताई, पुढचं संमेलन कुठं आहे?’

आता मी राखून ठेवलेला मुद्दा. या सभागृहात आपण साठ-सत्तर जण आहोत. पाच-सहा जण मुंबईत, दहा-बारा पुण्यात, काही परदेशात. मी देणगी मागत नाही. तीन गोष्टी मागते. एक, व्हिसाच्या आदल्या रात्री आपल्या शाळेच्या मुलाला झोपायला एक गादी. दोन, त्याची फाईल एकदा वाचून देणारा कोणीतरी. बँकेतला मित्र असेल, वकील मैत्रीण असेल. तीन, तिकिटापुरते उसने पैसे, बिनव्याजी. संमेलनाकडून परतफेड आली की ते परत येतील आणि पुढच्या मुलाला मिळतील. फिरता निधी म्हणा हवं तर. त्यातला पहिल्या तिकिटाचा अर्धा भाग माझा.

आणि सर, बाई, तुमच्याकडे एकच मागणं. पहिलीच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिताना इंग्रजी स्पेलिंग आईवडिलांना विचारून, त्यांना दाखवून लिहा. ते पोर कुठपर्यंत जाणार आहे, त्या दिवशी आपल्यापैकी कोणालाच माहीत नसतं.

ज्यांना या कामात नाव द्यायचं आहे, त्यांच्यासाठी चहाच्या टेबलाजवळ मी वही ठेवली आहे.